दोन इंच एक सुताचा कान

आसेगाव, दि. ११ फेब्रुवारी १९७९

जऊळक्याचे आमचे मेहुणे श्री. माणिकरावभाऊ यांस भिवाजीचा सप्रेम जयभीम. तुमचा गुडघा आणि केशरवहिनींचा दमा आपापल्या जागी सुखरूप असतील, आणि चि. भागिरथाच्या लग्नाची तयारी दोघांनाही न जुमानता चालू असेल. इकडे रंगूबाई खुशाल. माझी खुशाली जरा लांब आहे, सावकाश सांगतो.

शेलूबाजारच्या डॉक्टरांना माझ्या लघवीत साखर सापडली (मी घातली नव्हती). रोज सकाळी तासभर पळा म्हणाले. सहाला अंधार आणि कुत्री, आठला माझं रेडिओदुरुस्तीचं दुकान, राहिले सात. आणि सात म्हणजे बातम्या! अकरा वर्षं आसेगावात बातमी मी आणतो, हे तुम्ही जाणता. सेवालालच्या हॉटेलात मी बाकड्यावर बसल्याशिवाय दिल्लीत काही घडत नाही. (मास्तराशिवाय, पुस्तकाशिवाय, नुसता उघडून उघडून रेडिओ शिकलेला या भागात मी एकटा. पहिले तीन बंद पडले, पण ते शिकण्यात गेले.) मी पळायला लागलो आणि आठ दिवसांत माझ्या बाकड्यावर जानराव! तोच जानराव, ज्याला बॅटरीचं कोणतं टोक वर ते अजून विचारावं लागतं. वर मलाच म्हणतो, "भिवाजीभाऊ, तुमी पया, आमी आयकतो."

तेव्हा ठरवलं, ट्रान्झिस्टर कमरेला बांधायचा, इअरफोन कानात घालायचा आणि पळत पळतच बातम्या ऐकायच्या. ट्रान्झिस्टर बसला. कान बसेना. मी फूटपट्टीने मोजला: उभा दोन इंच एक सूत (आठ सुतांचा एक इंच), भोक अडीच सूत. इअरफोनची बोंडी चार सूत! बनवणाऱ्याने कोणाचा कान मापाला घेतला कोण जाणे. (जानरावाचा मी टोपी शिवायची आहे सांगून मोजला. तीन इंच. एवढी मोठी खिडकी, पण आत वारा नाही.)

बोंडी कानशीने घासून बारीक केली, तर ती पाचव्या पावलाला बाहेर. कापूस गुंडाळला, तर बोंडी राहिली पण बातमी बाहेर राहिली. सायकलच्या ट्यूबची पट्टी डोक्याभोवती ताणली. ती नाल्याजवळ सुटली आणि समोरून येणाऱ्या गोजराबाईच्या डोक्यावरची पाटी खाली आली. तिने माझ्या बापापासून सुरुवात केली ती मी वळणापलीकडे गेलो तरी चालू होती. मग मेण लावलं. घामाने ते असं बसलं की संध्याकाळी रंगूबाईने आकड्याने बोंडी काढली, आणि काढताना म्हणाली, "कानच काडून देऊ का, पायजे तं?" शेवटी मफलर आवळला. बोंडी आतल्या आत घसरून मानेवर गेली आणि दोन मैल मी गळ्याला बातम्या ऐकवत पळालो.

आणि मग डोकं चालवलं. बायका कानातल्या फुलाचा भार पेलायला चांदीची वेल लावतात ना, ती नाजूक साखळी, एक टोक फुलात, दुसरं वर केसात? तुमच्या आईने रंगूबाईला दिलेली जोडी पेटीत होती. त्यातली उजवी (न विचारता) घेतली. खालच्या टोकाला बोंडी, वरचं टोक कानामागून केसात, वरून मफलर, म्हणजे लोकांना दिसायला नको. भाऊ, तीन दिवस बोंडी हलली नाही! तीन दिवस मी घामाने निथळत ताजी बातमी घेऊन हॉटेलात शिरलो. जानराव उठून शेवटच्या बाकड्यावर गेला.

चौथ्या दिवशी बाभळीच्या वळणावर निवेदक म्हणाला, "विदर्भात तुरळक ठिकाणी पाऊस", आणि बोंडी निखळली. उचलून घालेपर्यंत बातम्या संपल्या. आता अर्धी बातमी घेऊन मी जानरावापुढे जाऊ? आभाळ कोरं बघून पुढचं मीच जोडून सांगितलं, "पाऊस नाही." हॉटेलात बसलेल्या लखीरामने माझ्या शब्दावर अंगणात मिरच्या पसरल्या. दुपारी त्या अंगणभर पोहत होत्या. आता मी काही सांगितलं की लोक जानरावाकडे बघतात, आणि लखीराम आभाळाकडे.

सर्वांस यथायोग्य. दम्याला जपावे.

तुमचा,
भिवाजी

ता. क. खरं काम राहिलंच. त्या वळणावर बोंडीबरोबर वेलही पडली. बोंडी मिळाली, वेल नाही. सहा दिवस झाले, सकाळ-संध्याकाळ शाळेपासून शेलूबाजारच्या फाट्यापर्यंत मान खाली घालून पळतो. भागिरथाच्या लग्नात रंगूबाई ती जोडी घालणार, हे नक्की. तुमच्या आईने वहिनींनाही तशीच जोडी दिली आहे. त्यातली एक, उजवी, डाळीच्या पुडीत दडवून भरवशाच्या माणसाबरोबर पाठवा. जन्मभर उपकार विसरणार नाही.

ता. क. २. मनमोकळं उत्तर लिहा. रंगूबाई तीन महिने प्रौढ वर्गाला जाते, पण पाटीवर अजून 'ग'च गिरवते. या अंतर्देशीयाचा डिंक वाळला आहे, म्हणून खळ लावून चिकटवायला आणि पोस्टात टाकायला तिच्याच हाती देतो.

*(खाली जाड, वाकड्या अक्षरात)*

दादा जयभीम. वेल माह्यापाशी हाय. गोजराबाईले बाभयीच्या वयनावर सापडली, तिनं तवाच आनून देल्ली. वयनीची पाठवू नको. याईले सांगू बी नको. शोधाले दोन टाइम पयतात, डाक्तर म्हने साखर उतरली. लग्नात दोनी कानात घालून येतो. तवा याईच्या तोंडाकडे पाहाजो.