काचेवरची काजळी

शिरवळ, मंगळवार, डिसेंबर १९९७

धूर तपासायच्या मशीनची काच आज पुसली. फडका काळाकुट्ट. म्हणजे काल वस्तादांचा टेम्पो उगाच नापास केला मी! सायलेन्सरपुढं पांढरा रुमाल धरून, तो पांढराच राहिलेला त्यांनी दाखवला होता. "काच पूस गड्या," म्हणाले होते. आणि मी? ज्यांनी मला पाना धरायला शिकवलं, त्यांनाच म्हणालो, "आवं वस्ताद, मशीन खोटं बोलत न्हाई."

तसाच त्यांच्या घरी धावलो. अंगणात टेम्पोचं चांगलं इंजिन सगळं सुटं करून मांडलेलं. वस्ताद एकेक भाग पुसून पुन्हा पुन्हा उजेडात धरून बघत होते.

"सकाळधरनं शोधतोय, फॉल्ट घावंना. माझी पारखच गेली रं."

खरं काय ते सांगितलं. तो काळा फडका दाखवला. वस्ताद कसंनुसं हसले.

"माझी समजूत घालायला कशाला खोटं बोलतोस, लेका?"