झाडावर टांगलेले बूट

प्रिय ऑरिन दाजींना,

ओंडक्यांच्या तळावरून असाहेलचा नमस्कार. तुमची कंबर, हेस्टरताईचा दमा आणि तांबड्या गाईची खुरं आता कशी आहेत? ताईला गारठ्यात बाहेर पडू देऊ नका. मी बरा आहे, म्हणजे जिवंत आहे. हे खरं तर आधी लिहायला हवं होतं, कारण रविवारी तुम्ही चर्चमध्ये माझ्या आत्म्यासाठी प्रार्थना केल्याचं कानावर आलं.

झालं ते असं. तोडलेले ओंडके नदीतून हाकत आम्ही मोठ्या भोवऱ्यापाशी पोचलो. काठाला अडकलेले ओंडके पाण्यात ढकलता ढकलता माझ्या बुटांत नदी शिरली. (पाय घसरू नये म्हणून तळाला खिळे ठोकतात, पण पाणी आत येऊ नये म्हणून कुणीच कसं काही करत नाही, याचं मला जन्मभर नवल वाटत आलंय.) छातीत कफ होईल या धास्तीनं मी बूट नाडीनं बांधून स्प्रूसच्या झाडाच्या फांदीला वाळत घातले आणि पालथ्या होडीखाली जरा आडवा झालो. आता, बुडालेल्या माणसाचे बूट आपण झाडाला टांगतो, हे मला माहीत नाही का? पण स्वतःचे बूट टांगताना स्वतःच्या मरणाचा विचार कोण करतो? (एरवी मी दिवसभर तोच करतो. नेमका तेव्हा केला नाही.)

जाग आली ती स्तोत्रानं. होडीच्या कडेखालून पाहतो तर मुकादम डर्की टोपी काढून उभा, बाकीचे रडवेले. मीही पडल्या पडल्या टोपी काढली. बिचारं कोण गेलं, म्हणून जीव कासावीस झाला. "भला माणूस होता," डर्की म्हणाला, "किरकिऱ्या, पण भला." तेव्हा ओळख पटली.

बाहेर येईतो सामानाची गाडी बातमी घेऊन तुमच्याकडे निघूनही गेली होती. बरं, बूट मागावेत तर कुणी हात लावेना. टांगलेले बूट उतरवले की नदी दुसरा माणूस ओढून नेते म्हणे.

"अरे, पण मी मेलोच नाही!"

"ते नदीला पटव, काका," आमचा आचारी नार्सिस म्हणाला, "आम्हाला पटलंय."

मी स्वतः उतरवायला गेलो तर चौघांनी धरून ठेवलं. तेव्हापासून पायांना गोणपाट गुंडाळून बसलोय. घेवडाही नार्सिस मला सगळ्यांच्या शेवटी वाढतो. मेलेल्याला कसली घाई, म्हणतो.

तरी माळ्यावरचे माझे जुने बूट गाडीवानाबरोबर धाडावेत.

आपला,
असाहेल ट्रिप

ता. क. : पाद्रीबाबा माझ्याविषयी काय बोलले? 'किरकिऱ्या' तिथंही आलं का?

ता. क. दुसरा : बूट राहू द्या. मुद्दा निराळाच आहे. तुमच्या शेजारच्या लोविनाबाईंना मी पानगळीच्या दिवसांत लग्नाचं विचारलं होतं. विधवा बाई, विचार करणारच. "बघू" म्हणाल्या, त्या अजून बघतच आहेत. त्या रडल्या का? ताईनं सहज म्हणून विचारावं. मात्र मी जिवंत आहे हे आधी सांगू नका. नाहीतर खरं उत्तर मिळायचं नाही.

ता. क. तिसरा : पाकीट चिकटवण्याआधीच लोविनाबाई सामानाच्या गाडीतून इथं उतरल्या. झाडाखाली लावायला गुलाबाचं रोप आणलं होतं. मला पाहिलं, रोप माझ्या अंगावर फेकलं, डर्कीच्या हातातला ओंडके ओढायचा लांब आकडा हिसकावला आणि बूट खाली पाडले. सगळे पाण्यापासून लांब पळाले.

"मेल्या," त्या ओरडल्या, "घाल ते आधी. गारठून मरशील!"

आजवर त्या मला मिस्टर ट्रिप म्हणत. दाजी, याला होकार म्हणायचं का? ताईला विचारून लगेच कळवा. बूट घातलेत. रोजच्या दवानं अजून ओलेच आहेत.