आमच्या घरातला कॅनडा

अप्पा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण तुमच्याशी एक भांडण करायचं राहूनच गेलं आहे. तुम्ही धडधाकट होतात तेव्हा मी तिकडे कॅनडात होते. तुमच्या शेवटच्या आजारपणात आले, तेव्हा तुमची वाचा गेलेली होती. बोलता न येणाऱ्या माणसाशी भांडू नये एवढी माणुसकी माझ्यात होती, आणि ती तुमच्याकडून आलेली नव्हती. आता चेन्नईत, वेस्ट मांबलमच्या त्याच फ्लॅटमध्ये, तुमच्याच जेवणाच्या टेबलाशी बसून लिहिते आहे. टेबलाचा एक पाय अजून डुगडुगतो. तुम्ही त्याखाली घडी घालून ठेवलेला पुठ्ठा मी बदलला, तेवढीच काय ती सुधारणा.

कॅनडाला जायचा अर्ज मी तुम्हाला न विचारता केला. नुंगंबाक्कमच्या त्या लहानशा सॉफ्टवेअर कंपनीत माझ्या शेजारी बसणारीने केला, म्हणून मीही केला, आणि व्हिसाच्या मेडिकलचं बोलावणं आल्यावर घरी सांगितलं. तुम्ही इडली खात होतात. आई उभी राहिली ती उभीच. तुम्ही मात्र चटणी संपवलीत, हात धुतलेत आणि म्हणालात, "उत्तम. आता तयारी करायला हवी." मला किती आनंद झाला म्हणून सांगू! मी ऑफिसात सगळ्यांना सांगत सुटले, आमचे अप्पा जुन्या वळणाचे असले तरी मनाने मोठे आहेत. इतकी वेडी होते मी.

व्हिसा यायला बरेच महिने लागणार होते. पुढच्याच रविवारी तुम्ही जाहीर केलंत की आतली खोली आजपासून कॅनडा. हॉल आणि स्वयंपाकघर भारतात. कॅनडात एक विजेची शेगडी, एक पातेलं, एक ताट. भारतात यायचं तर दार वाजवायचं आणि काम काय ते सांगायचं. आईने माझ्यासाठी काही रांधायचं नाही, माझे कपडे धुवायचे नाहीत, केस विंचरायचे नाहीत. आणि माझ्याशी कुणी बोललंच तर ते इंग्रजीत. "तिथे तुला कोण वाढणार आहे?" हे तुमचं त्या दिवसांतलं पालुपद होतं. शेजारच्या मामींनी जिन्यात आईला विचारलं, "काय हो, मुलगी भांडून वेगळी राहते की काय?" आई हसली, आणि घरात येऊन पदराने डोळे पुसत बसली. तुम्ही पेपर वाचत होतात.

दर रविवारी मुलाखत असे. गुम्मिडिपूंडीच्या कारखान्यात तुम्ही पर्सोनेलमध्ये होतात. फिटर, टर्नर, अप्रेंटिस, सगळे तुमच्यासमोर घाम पुसत बसायचे, ते मी ऐकून होते. आता माझी पाळी. मी खाली रस्त्यावर जायचं, वर येऊन बेल वाजवायची. आईने दार उघडून "कम इन" म्हणायचं. तुम्ही याच टेबलाशी, खाली लुंगीसारखी गुंडाळलेली वेष्टी आणि वर इस्त्रीचा ऑफिसचा शर्ट. मला हसू यायचं, पहिल्या रविवारी. दुसऱ्या रविवारपासून नाही आलं. मी कशी बसते, हात कुठे ठेवते, "ॲक्चुअली" किती वेळा म्हणते, सगळ्यावरून तुम्ही मला सोलून काढायचात. "तुझ्यासारख्या शंभर येतात तिथे. तुलाच का घ्यायचं? सांग ना. का?" एकदा रडू फुटलं तर म्हणालात, "तिथे रडलीस तर रुमाल देतील, नोकरी नाही देणार." त्या सगळ्या रविवारांत तुम्ही मला एकदाही पास केलं नाहीत. आणि मुलाखत आटपली की आईला हाक मारून आणखी एक डबरा-टंबलर, म्हणजे वाटी-पेल्यातली, कॉफी मागवायचात. एरवी दुसरी कॉफी तुम्हाला चालत नसे, ॲसिडिटी होते म्हणायचात.

थंडीचीही तयारी झाली. चेन्नईत थंडी कुठून आणायची? पण तुम्ही शोधलीत. कारखान्याच्या वाटेवर तुमच्या ओळखीच्या एका माणसाचं कोल्ड स्टोरेज होतं, चिंच आणि मिरच्या साठवायचं. एका सुट्टीच्या दिवशी तुम्ही मला तिथे नेलंत, अंगात आईने विणलेला तो एकुलता एक स्वेटर. आत पोत्यांच्या थप्प्या, आंबट तिखट वास, आणि दार बाहेरून लावून घेतलं की मिणमिणता एक दिवा. मी बराच वेळ दम धरला. मग बोटं दुखायला लागली, नाकातून पाणी वाहायला लागलं, आणि मी दार वाजवलं. तुम्ही उघडलं नाहीत. मी पुन्हा वाजवलं, "अप्पा, पुरे" म्हणून ओरडले. तो मालक बाहेर तमिळमध्ये तुम्हाला म्हणत होता, "सार, पोरगी आहे सार, उघडू का?" आणि तुम्ही म्हणालात, "थांबा. तिलाच जायचंय." हे मला दाराच्या फटीतून स्पष्ट ऐकू आलं. आजही ऐकू येतं. उघडल्यावर मात्र तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवलात आणि मला गरम चहा पाजलात, त्यामुळे मी पुन्हा तुम्हाला चांगलं समजले.

पण हे सगळं मी गिळलं असतं. आईचं काय केलंत ते मला गिळता येत नाही. आई तंजावरच्या मराठी घरातली, तिची मराठी जुन्या वळणाची, तमिळ हेल काढून बोललेली. तुम्ही मिरजेकडचे, लग्न झाल्यापासून तिच्या बोलण्याला हसत आलात. ती "तुज भूक लागली की गे?" म्हणायची आणि तुम्ही चारचौघांत तिची नक्कल करायचात. तिला इंग्रजी येत नव्हतं. ते तुम्हाला ठाऊक होतं आणि तरीही तुम्ही तो नियम केलात. रोज संध्याकाळी मी ऑफिसातून आले की ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहते. माझ्याकडे बघते. तुमच्याकडे बघते. मग म्हणते, "ईट?" मी म्हणते, "येस." सकाळी म्हणते, "स्लीप गुड?" मी म्हणते, "येस." बसमध्ये कुणीतरी पाय तुडवला, साहेब ओरडला, मला भीती वाटते, यातलं काहीही मला तिला सांगता येत नाही. तुम्ही कामावर असताना तरी आम्ही बोललो असतो, असं तुम्ही म्हणाल. पण मी तुमच्याआधी जायची आणि तुमच्यानंतर यायची. आणि ती नवऱ्याला दिलेला शब्द त्याच्या पाठीमागेही पाळणारी बाई होती. तुम्ही तिला चांगलंच ओळखत होतात.

त्या दिवाळीला पहाटे ती तेल तापवत होती, मिरी आणि विड्याचं पान घालून. त्याचा वास कॅनडात आला. बाहेर फटाके, जिन्यात शेजारी एकमेकांना इकडच्या रीतीने "गंगास्नान झालं का?" विचारत होते. तुम्ही पाटावर बसलात, तिने तुमच्या डोक्यावर तेल घातलं. मग वाटी घेऊन ती माझ्या दारापर्यंत आली. मी आत उभी, केस सोडून तयार. तेवढ्यात हॉलमधून तुमचा आवाज, "शी इज इन कॅनडा." आईची पावलं थांबली. मी दार उघडू शकले असते. उघडलं नाही, कारण मलाही तुम्हाला दाखवून द्यायचं होतं की मी हरत नाही. आपण दोघं एकाच मातीची, अप्पा, आणि मध्ये ती. थोड्या वेळाने दारापलीकडून ती हळूच म्हणाली, "हॅपी दीपावली." आणि गेली. इतका राग मला आयुष्यात कधी आला नाही. कुणाचा, ते तेव्हाही कळलं नव्हतं.

संक्रांतीनंतर मी गेले. तुमची तालीम कामाला आली, हे कबूल करताना दातओठ खाते आहे. माझ्या खोलीत राहणारी हैदराबादची मुलगी कित्येक दिवस उशीत तोंड खुपसून रडायची, आणि मी तिच्याकडे बघून नूडल्स खायची. मला कुणाचीच गरज नव्हती. मग एका रविवारी नेहमीसारखा फोन केला तर तुम्ही उचललात आणि म्हणालात, "युवर मदर एक्स्पायर्ड ऑन ट्यूजडे. एव्हरीथिंग इज ओव्हर. डोन्ट कम, यू आर ऑन प्रोबेशन." इंग्रजीत! बायको गेल्याचं मुलीला सांगताना इंग्रजीत! आणि मी काय म्हणाले असेन? "थँक यू फॉर इन्फॉर्मिंग मी." अस्सं शिकवलंत तुम्ही मला. तिच्याशी मनसोक्त बोलायचे जे शेवटचे महिने माझ्या वाट्याला आले होते, ते आम्ही दोघींनी ईट आणि स्लीपमध्ये घालवले, एका भिंतीच्या दोन बाजूंना.

इतकी वर्षं मी लोकांना सांगत आले की माझे वडील कडक होते, पण माझ्या भल्यासाठी. आईचं सोडलं, तर हे मला खरंच वाटायचं. कालपर्यंत वाटायचं.

माझी मुलगी जर्मनीला चालली आहे. तिला गाड्यांच्या कंपनीत नोकरी लागलीय. मी आणि माझा नवरा परत आल्यावर ती इथेच जन्मली, मराठीपेक्षा तमिळच तिला जवळची. काल म्हणाली, "आई, उद्या तिकडच्या घरमालकिणीचा व्हिडिओ कॉल आहे. तू पाच मिनिटं घरमालकीण हो ना, प्लीज. प्रॅक्टिस." मी झाले. याच टेबलाशी. ती छान बोलत होती, अप्पा, खरंच छान. म्हणाली, माझी आई कधीतरी राहायला येईल. मी म्हटलं, "खोली एकटीसाठी आहे. आईने हॉटेलात उतरावं." ती हसली. मी हसले नाही. मी म्हटलं, "तुझा आवाज फार चिरका आहे. आणि हे सारखं मान हलवणं. अशा मुलीला मी माझं घर का द्यावं? सांग. का?" तिचा चेहरा उतरला. "आई, इतकं काय?" म्हणाली. मी म्हटलं, तिथे याहून वाईट बोलतील. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ती उठून आत गेली, आणि मला बरं वाटलं. अगदी गार वाटलं छातीत. मी उठून स्वतःसाठी कॉफी केली.

कपातला पहिला घोट घेतला आणि मला तुम्ही कळलात. ही तयारी नव्हती. तुम्ही चिडला होतात. मी जाते म्हणाले त्याच सकाळी, चटणी संपवता संपवता, तुम्ही चिडला होतात, आणि जाऊ नकोस म्हणायची तुमची छाती झाली नाही. म्हणून मला सोलत राहिलात, आणि आईलाही. एकदा म्हणाला असतात तरी मी गेले असतेच, खोटं कशाला सांगू? पण घरातून गेले असते. कॅनडातून कॅनडात नव्हे.

हे कागद तुमच्यापर्यंत पोचणार नाहीत ते बरंच आहे. पोचले असते तर तुम्ही आधी शुद्धलेखन तपासलं असतंत. आत्ता ती आतून हाक मारते आहे, "आई, कॉलला अजून अर्धा तास आहे. परत होतेस घरमालकीण? या वेळी नीट बोलते मी." येते म्हटलंय. तू जाऊ नयेस असं मला वाटतं, एवढंच तिला सांगायचं आणि गळ्यात पडून रडायचं, असं ठरवून मी उठते आहे. पण तुमच्यापासून काय लपवायचं, अप्पा? उठता उठता माझ्या डोक्यात तिला विचारायचे पुढचे प्रश्न तयार होत आहेत.