बाबांची पत्रिका, माझं घड्याळ

माधव नगर, मंगळवार संध्याकाळ

गेम लावला आणि लगेच बंद केला. मन लागतच नाहीये. स्क्रीनच्या कोपऱ्यातलं घड्याळ साडेपाच तास मागे होतं, आणि ते मला आज दिसलं!

बाबांचा जुना कंप्यूटर बंद पडला तेव्हा मीच ऐटीत म्हणालो, "टेन्शन मत लो बाबा, तुमचं पत्रिकेचं सॉफ्टवेअर माझ्या हातात मावणाऱ्या गेमिंग पीसीवर चालवून देतो." सॉफ्टवेअर विंडोजचं, माझ्याकडे लिनक्स. तरी चाललं. बाबा खूश. रविवारी त्यांनी त्यावर माझ्या बहिणीची, मुक्ताची, देवासच्या एका मुलाशी पत्रिका जुळवली. गुण फारच कमी आले. लगेच फोन करून नकार कळवून टाकला.

आज कळलं की ते सॉफ्टवेअर मशीनचं घड्याळ धरून चालतं. लिनक्स टाकताना मी देश निवडलाच नव्हता, म्हणून ते लंडनच्या वेळेवरच राहिलं. म्हणजे दोघांच्या जन्मवेळा लंडनच्या धरल्या गेल्या. उज्जैनमध्ये बसून, महाकालच्या गावात, लंडनची पत्रिका! घड्याळ नीट करून पुन्हा जुळवली. छान जुळतेय.

बाबांना सांगायला उठलो, तर मुक्ताने दारातच अडवलं. "दादा, रहने दे ना. मला तो मुलगा नकोच होता. बाबांसमोर बोलायची हिंमतच होत नव्हती."

बसलो परत. काय करू? तेवढ्यात बाहेरून बाबांची हाक आली. इंदूरच्या स्थळाची पत्रिका आलीय, तुझं मशीन आण.

मुक्ता माझ्याकडे बघतेय. मी त्या घड्याळाकडे.