मधलं शिवार

५ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

दूधवाल्याबरोबर पत्र पाठवतेय. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि माझ्याने ओरडवत नाही. आपल्या दोघींच्या घरांमधलं शिवार गेलं ते गेलंच. आधी ज्वारी, मग पेरूची बाग, मग वीटभट्टी आणि आता ही चार मजली इमारत. ज्वारी निदान कापून तरी नेत. हिला कोण कापणार?

पूर्वी तू अंगणातल्या दोरीवर लाल चादर टाकलीस, की ‘ये’ म्हणून समजायचं. हातातलं काम टाकून मी बांधावरून धावत यायचे. आता बांधाच्या जागी भिंत आहे, आणि रस्त्याने यायचं तर सगळ्या गावाला वळसा. तुझे गुडघे कसे आहेत? खरं सांग. येऊ का?

लोभ आहेच, आता उत्तरही यावं.

तुझी,
धाकटी


११ जानेवारी

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

मी ठणठणीत आहे. गुडघे कुरकुरतात, पण तू करतेस तेवढं नाही. एवढा वळसा घालून मुळीच येऊ नकोस. रिक्षात तुझी कंबर धरेल आणि ती शेकत मलाच बसावं लागेल. चादरीचं म्हणशील, तर तिचं कधीच पायपुसणं झालं. दिसायचीच नाही तर वाळत घालून काय करायचं?

इमारतीमुळे दुपारी अंगणात सावली असते, मी खुर्ची टाकून बसते. भट्टीच्या वेळी धुतलेले कपडे पुन्हा धुवावे लागायचे, ते आठव. घर शांत आहे. जरा जास्तच शांत, पण सवय होते.

तुझ्या लेकाला आशीर्वाद. माझ्याबद्दल लोभ ठेव, काळजी नको.

ताई


२ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

लेकाने नेमकं त्याच इमारतीत घर बघायचं काढलं. मी जाणारच नव्हते. मग म्हटलं, शत्रूचा किल्ला आतून बघावा तरी. काल रखवालदाराने आम्हाला थेट गच्चीवर नेलं. तो पाण्याची टाकी दाखवत होता, तेवढ्यात मी कठड्यापाशी गेले.

ताई, तुझं अंगण दिसलं! खुर्चीत तू होतीस, शाल पांघरून, आमच्या घराकडे तोंड करून. समोर नुसती भिंत. आणि दोरीवर तुझं ते पायपुसणं होतं, लालभडक, नीट चिमटे लावलेलं.

मी वरून किती हाका मारल्या, पण तुला कुठल्या ऐकू यायला! लेक घाबरला, घर आवडलं नाही का म्हणून विचारायला लागला. मला हुंदका आवरेना. खोटारडी आहेस तू, लहानपणापासून.

इमारतीच्या मागच्या भिंतीला एक फाटक आहे. रखवालदार ते उघडून देणार आहे. उद्या सकाळी येते, चांगली राहायलाच येते. लोभाचं आता कागदावर लिहीत नाही.

मी दारात येईपर्यंत चादर आत घेऊ नकोस.

तुझी,
धाकटी