तुरटीआधी चुना

अण्णा,

तुम्ही जाऊन तेवीस वर्षं झाली आणि मी अजून तुमच्याच पाण्याच्या केंद्रावर आहे. हे तुम्हाला आवडायचं नाही, ठाऊक आहे मला, म्हणून पहिल्यांदा तेच सांगून टाकते. आई बरी आहे. गुडघे दुखतात, पण जाफराबादला मामाकडे जायचं म्हटलं की अजून पुढं निघते. धाकटा पुण्याला असतो, दिवाळीला येतो. घरात आई आणि मी, दोघीच.

मला तुमची ती जार लावायची वेळ आठवते. मी आठवीत असेन. सुटीत तुमचा डबा घेऊन सायकलवर केंद्रावर यायचे. तुम्ही सातवी पास, पण गावाला पाजायचं पाणी तुमच्या नजरेखालून जायचं. टेबलावर काचेचे सहा जार, प्रत्येकात धरणाचं गढूळ पाणी, आणि प्रत्येकात थोडी थोडी जास्त तुरटी. तुम्ही खाली वाकून बघत बसायचात. पाण्यातला गाळ एकमेकाला धरून त्याचे पांढरट पुंजके व्हायला लागले की म्हणायचात, "हे बघ, फुलं धरली." ज्या जारमध्ये फुलं चांगली बसली, तेवढी तुरटी त्या दिवशी टाकीत जायची. भादव्यात वर मोठा पाऊस झाला की मात्र फुलं धरायची नाहीत. तेव्हा तुम्ही मला सांगितलं होतं, "असल्या पाण्याला आधी चुना द्यायचा, मंग तुरटी. न्हाईतर कितीबी तुरटी टाक, पाणी दुधावानीच राहतंय." का, ते तुम्हाला सांगता आलं नाही. पुढं कॉलेजात मला त्याचं कारण कळलं, की पावसाच्या नव्या पाण्यात क्षार कमी असतो आणि तो असल्याशिवाय तुरटी काम करत नाही. मी रविवारी घरी येऊन तुम्हाला ते समजावलं तेव्हा तुम्ही आईला हाक मारून म्हणालात, "ऐकलंस का, माझं बरोबर होतं."

आणि तो दिवस. मी जार धुता धुता सहज म्हणाले, "अण्णा, मी पण इथंच काम करीन." तुम्ही भाकरीचा घास खाली ठेवलात. "हितं यायचं न्हाई," तुम्ही म्हणालात. "क्लोरीन खाऊन माझ्या छातीचा भाता झालाय. तू जालन्याला शिकायचं, मोठ्या प्रयोगशाळेत बसायचं. पुन्हा हे बोललीस तर डबा आणायला पण येऊ नको." तुम्ही मला कधी रागावत नव्हता, म्हणून मी रडत सायकल हातात धरूनच घरी गेले होते. बीएस्सीला प्रवेश झाला त्या आठवड्यात तुम्ही शिंप्याकडून माझ्यासाठी पांढरा अ‍ॅप्रन शिवून आणलात. मापाचा अंदाज चुकला होता. बाह्या बोटांपर्यंत येत होत्या.

दुसऱ्या वर्षाच्या हिवाळ्यात तुम्ही ड्यूटीवरच गेलात. तेरावा झाला आणि नगरपालिकेतले मोठे बाबू घरी आले. आईला लिहिता-वाचता येत नव्हतं, धाकटा सहावीत होता. बाबू म्हणाले, "अनुकंपावर पोरीला घेऊ. लिपिकाची जागा सध्या रिकामी न्हाई. मजूर म्हणून लागू द्या, मंग बघू." आई माझ्याकडे बघत होती. मी सही केली. "मंग बघू" हे कुणीच पुन्हा बघितलं नाही.

पहिली वर्षं मी आवारातलं गवत काढलं, फिल्टरची वाळू धुतली, तुरटीच्या गोण्या मोजून घेतल्या. मग जार लावणारा कुणी उरला नाही म्हणून मी लावायला लागले. इंजिनिअर साहेब बदलत गेले. प्रत्येक नवा साहेब पहिल्या आठवड्यात विचारायचा, "टेस्ट कोण करतं?" आणि सगळे माझ्याकडे बोट दाखवायचे. रजिस्टरमध्ये अक्षर माझं, खाली सही साहेबाची. राहिलेली डिग्री मी नोकरी करत पुरी केली. प्रात्यक्षिकांसाठी सकाळच्या पहिल्या एसटीनं जालन्याला जायचं, आणि वर्गातली पोरं मला मॅडम समजून उठून उभी राहायची. धाकटा मोठा झाल्यावर मी बाबूंना विचारलं, ही नोकरी त्याच्या नावावर करता येईल का. ते हसले. "वारसाची नोकरी एकदाच मिळती, बाई. ती काय शेत हाय का वाटणीला?" तोवर धाकट्याला पुण्यात काम लागलंही होतं. त्याला इथं यायचंच नव्हतं. मला इथून जायचं होतं. जालन्याच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेसाठी मुलाखत दिली, त्यांनी अनुभवाचा दाखला मागितला. दाखल्यावर होतं, मजूर. समोरच्या साहेबांनी तो कागद दोनदा वाचला आणि मला चहा विचारला.

दोन वर्षांपूर्वी आपल्या केंद्राला पहिल्यांदा केमिस्टची जागा मंजूर झाली. रसायनशास्त्राची पदवी आणि प्रयोगशाळेतला तीन वर्षांचा अनुभव. अण्णा, मी जाहिरात उभ्या उभ्या चार वेळा वाचली. वाटलं, ही माझ्यासाठीच लिहिली आहे. दाखल्यासाठी नव्या बाबूंकडे गेले.

"डिग्री बराबर हाय तुमची," ते म्हणाले. "पण अनुभव कुठंय?"

"सोळा वर्षं मीच टेस्ट करायले. रजिस्टर काढून बघा, सगळं अक्षर माझं हाय."

"अक्षर तुमचं, सही साहेबाची. सेवापुस्तकात तुम्ही मजूर. मजुराला प्रयोगशाळेचा अनुभव मी कसा लिहून देऊ? उद्या मलाच विचारतील, मजुराकडून टेस्ट करून घेतल्या का म्हणून."

"मंग कुणाकडून करून घेतल्या?"

त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुढची फाईल ओढली.

त्या जागेवर जी आली ती अठ्ठावीस वर्षांची आहे. जालन्याच्या जुन्या मारवाडी घरातली, एमएस्सी, हुशार. मी तिच्यात खोट काढायचा फार प्रयत्न केला, सापडली नाही. मला ताई म्हणते, मी तिला मॅडम. पहिल्याच दिवशी म्हणाली, "ताई, मला पुस्तकातलं येतं, इथलं बिलकुल येत नाही. तुम्ही शिकवाल ना?" मी शिकवलं. कोणता व्हॉल्व जड फिरतो, कोणत्या फिल्टरची वाळू लवकर तुंबते, क्लोरीनची नळी गळायला लागली तर आधी कोणत्या दाराकडं पळायचं. चुन्याचं तेवढं शिकवलं नाही. मुद्दाम नाही, निदान तेव्हा तरी नाही. चुना लागावा असं पाणीच ती आल्यापासून आलं नव्हतं.

ते ह्या भादव्यात आलं. सकाळी नऊ वाजता केंद्रावर पोचले तर पाण्याचा रंग चहासारखा. मॅडमनं जार लावलेच होते. सहाही जारमध्ये पाणी दुधाळ, फुलाचं नाव नाही. मी दारातूनच ओळखलं, ह्याला आधी चुना पाहिजे. तिनं सगळ्यात जास्त तुरटीचा जार धरला, त्यावर अजून थोडी वाढवली आणि माझ्याकडे वळून विचारलं, "ताई, बराबर आहे ना?"

मी म्हणाले, "तुम्ही केमिस्ट आहात. तुम्हाला बराबर वाटलं तर बराबर."

ती तुरटी सोडायला गेली. मी मोरीवर बसले आणि नमुन्याच्या बाटल्या धुवायला घेतल्या. संपल्या तेव्हा धुतलेल्याच परत धुतल्या. खिडकीतून टाकी दिसत होती. तिच्या काठावरून पांढरट पाणी फिल्टरकडं चाललं होतं. दोन तास मी ते बघत होते.

अकराच्या सुमारास पंपावरच्या माणसानं लांबूनच हाक मारली, "बाई, पंप चालू करू का? आज वरल्या टाकीचा नंबर हाय." मॅडम माझ्याशेजारी उभी होती, तरी त्यानं मला विचारलं. कुणाची जागा काय आहे हे त्याच्या ध्यानात कधी आलंच नाही. वरल्या भागात पाणी आठ दिवसांनी येतं. तिथं पोरंबाळं तेच पितात, उकळून कोण पितंय?

"थांब," मी ओरडले. "पंप लावू नको." आणि उठून बाहेरचा व्हॉल्व बंद केला. मग मॅडमला चुन्याचं सांगितलं. जार पुन्हा लावले, आधी चुना, मग तुरटी, आणि तिसऱ्या जारमध्ये फुलं धरली. ती लहान मुलीसारखी वाकून बघत राहिली. सगळी टाकी रिकामी करून पहिल्यापासून सुरुवात केली, आणि वरल्या भागाचं पाणी एक दिवस चुकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बायका फाटकावर आल्या. "आठ दिस वाट बघितली, तुम्ही झोपल्ता का?" मॅडम खाली मान घालून ऐकत होती. मी तिच्या मागं उभी होते.

तिनं अहवाल लिहिला. चूक तिची, असं लिहिलं. आणि ताईंनी ती वेळीच लक्षात आणून दिली, असंही. तेवढ्यावर थांबली नाही. तीन आठवडे मुख्याधिकाऱ्यांच्या दारात बसली, जुनी रजिस्टरं नेऊन अक्षर दाखवलं, आणि माझ्यासाठी दाखला घेऊन आली. प्रयोगशाळेतील कामाचा सोळा वर्षांचा अनुभव, वेळीच दाखवलेली दक्षता, शिक्का, सही. जिल्ह्याबाहेरच्या एका नगरपालिकेत जागा निघाली आहे, वयात मी अजून बसते. तिनंच जाहिरात आणून दिली. "ताई, आता कोण अडवतंय तुम्हाला?"

मी काय सांगू तिला? खरं सांगितलं तर हा दाखला जातो, आणि दुसरा कधीच मिळणार नाही. नाही सांगितलं तर जिथं जाईन तिथं "वेळीच" हा शब्द घेऊन जावं लागेल. अर्जाची मुदत शुक्रवारी संपते. अर्ज भरून झालाय, फोटो पण चिकटवला आहे.

हे सगळं मॅडमला लिहून द्यावं असं मधेच वाटलं होतं. पण ती वाचेल आणि काहीतरी विचारेल. तुम्ही विचारायला येणार नाही, म्हणून तुम्हाला लिहिलं. एकदा वाचून चुलीत घालीन, आईला दिसायच्या आत; तिला वाचता येत नाही, पण कुणाकडून तरी वाचून घेईल.

एकच राहिलं. ते दोन तास मी बाटल्या धूत बसले होते ना, अण्णा, तेव्हा मला भीती वाटत नव्हती. मला बरं वाटत होतं.