जोडलेली पाने

बाई,

तुम्हाला जाऊन बारा वर्षे झाली, तरी वाचनालयातली दुपार अजून तुमच्याच चालीने सरते. उकव्याच्या खाणीकडून मँगनीज भरलेला ट्रक गेला की खिडकीच्या काचा थरथरतात, मराठीच्या कपाटावरची धूळ किंचित उठते आणि उन्हाच्या पट्ट्यात तरंगत राहते. ती खाली बसेपर्यंत कोणी बोलत नाही. मीही त्या धुळीइतकीच अबोल होते. आठवीत होते, वर्गात पहिली यायचे आणि वर्गाबाहेर तोंड उघडत नसे. पुस्तक परत करताना त्याविषयी एक वाक्य बोलायचे आणि मगच, वाचून झाले म्हणून, आतल्या कार्डावर सही करायची, हा तुमचा नियम मला परीक्षेहून कठीण वाटे.

तो दिवस अजून समोर आहे. मी पुस्तक टेबलावर ठेवते, पाठ केलेले वाक्य म्हणते, सहीसाठी पेन उचलते. तुम्ही पुस्तक चाळता. जुन्या पुस्तकांची काही पाने बांधताना कडेने कापायची राहून जात. या पुस्तकातली मधली दोन पाने तशीच जोडलेली निघतात.

"काहून वं, बंद पानं कशी वाचली तू? आरपार दिसते का तुले?"

मी रडवेली होते. तुम्ही रागावत नाही. लाकडी पट्टी पुढे करता. "हे घे. काप, वाच, मंग सही कर. घाई नाही मले." पान सुटतानाचा तो कोरडा, मंद आवाज ऐकून मला वाटले, त्या दोन पानांमधली हवा इतकी वर्षे कोणी माझ्यासाठीच राखून ठेवली होती. त्यानंतर मी न वाचता कधीच सही केली नाही.

आता दर रविवारी मी तुमच्या खुर्चीवर बसते. मागच्या महिन्यात समितीचे सचिव, ज्यांना सगळे भैयाजी म्हणतात, मराठीच्या कपाटासमोर उभे राहिले. तिथे त्यांना स्पर्धा परीक्षांची पुस्तके ठेवायची होती. "देखो बेटा, मराठी पढ़ता कौन है अब? ज्या किताबीच्या कार्डावर एकही दस्तखत नाही, ते काढून टाक. बाकीच्या राहू दे."

दोन दुपारी मी कार्डे पाहत होते. एकही कोरे नव्हते. जिथे दुसऱ्या कोणाचीच सही नव्हती तिथे तुमची होती, उजवीकडे झुकलेली, निळी. एवढे सगळे वाचलेत तुम्ही, म्हणून ऊर भरून आला. मग सहज एक पुस्तक उघडले. पाने जोडलेली होती. दुसऱ्यातलीही. तिसऱ्यातलीही. क्षणभर वाटले, पट्टी उचलावी आणि तुमच्यापुढे करावी. मग उमगले, तुमच्याही काळात कोणीतरी कोरी कार्डे शोधत येत असणार.

"कितनी निकलीं?" भैयाजींनी दारातूनच विचारले.

"एकही नाही." माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. "सगळी वाचलेली हायेत."

"सब? किसने पढ़ डालीं?"

"आमच्या बाईंनी."

"गज़ब थीं बाई भी," म्हणून ते हसत गेले, आणि कपाट राहिले.

तेव्हापासून मी एकेक पुस्तक घरी नेते, पाने कापते, तुमच्या सहीमागचे वाचन माझ्या परीने पूर्ण करत असते. काही पुस्तके फारच कंटाळवाणी आहेत, बाई. तुम्ही ती का उघडली नाहीत, हे आता कळते.

हे पत्र टपालात टाकण्यासारखे नाही. एका जाड पुस्तकात कडेने आणि खालून जोडलेली दोन पाने आहेत, वरून उघडी, खिशासारखी. त्यांच्यात ते घडी करून ठेवते आहे. तेवढी दोन पाने मी कधीच कापणार नाही. आणि तरी त्या पुस्तकाच्या कार्डावर, तुमच्या सहीच्या खाली, मी आत्ताच माझी सही केली आहे.